पाचशे मीटरवरचा संडास

संध्याकाळी सातनंतर पाणी न पिणारी बाई तुम्ही पाहिलीय? मी पाहिलीय. भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाताना मुर्धा गाव लागतं. मिठागरं, खाडी, गावातली जुनी घरं आणि त्यांना चिकटून भाड्याच्या खोल्या. महिला मंडळाच्या कामाला गेले होते. खोलीत टीव्ही, मिक्सर, गॅस सगळं. संडास तेवढा नाही. "ताई, रात्री उठायला नको म्हणून पाणीच पीत नाही." लघवीची जळजळ मात्र पाचवीला पुजलेली.

आपण पटकन म्हणतो, सरकार अनुदान देतं, मग बांधत का नाहीत? २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी नियमांत वस्ती अधिकृत की अनधिकृत हे पाहायचं नाही, असं लिहिलेलं होतं. म्हणजे कागद आडवा येत नव्हता. पण भाडेकरू बाई मालकाच्या जागेत खड्डा कसा खणणार? आणि खणला तरी खाडीकाठी जमिनीतलं पाणी वरच असतं. पावसाळ्यात शोषखड्डा भरतो, घाण उलटी वर येते. ड्रेनेज लाइन नाही, टाकी उपसायची गाडी गल्लीत शिरत नाही, अशा ठिकाणी मैला शेवटी गटारातून खाडीतच जातो. त्याच खाडीची मासळी आपण घासाघीस करून घेतो!

२०१७ मध्ये महाराष्ट्रातली शहरं हागणदारीमुक्त जाहीर झाली. त्या हिशेबात घरी संडास नसेल, तर पाचशे मीटरच्या आत सार्वजनिक असला की पुरे. पाचशे मीटर! दिवसा धडधाकट माणसाला सहा-सात मिनिटं. रात्री दोनला, पाळी चालू असताना, तापलेलं पोर घरात ठेवून जायचं म्हणजे? हे अंतर ठरवताना बाईला कुणी विचारलं होतं का, कोण जाणे.

मेट्रोच्या कारशेडसाठी आधी राई-मुर्धा-मोर्वा भागच ठरला होता. गावकऱ्यांनी विरोध केला, मग ती डोंगरीकडे नेण्याचं ठरलं. म्हणजे नकाशावर ही गावं साहेबांना दिसतात.

पुण्यात प्रतिमा जोशींच्या शेल्टर असोसिएट्सने वेगळी रीत घातली. आधी वस्तीचा घरोघर नकाशा, ड्रेनेज कुठवर आलंय त्याची नोंद. मग संडासाचं सामान संस्थेचं, बांधायचा खर्च घरच्यांचा. पैसे घातले की माणूस तो नीट वापरतो, हा माझाही अनुभव.

मुर्धातली ती बाई घरमालकाशी बोलणार आहे. भाडं पाचशेने वाढेल, ही तिला धास्ती. मंगळवारी आम्ही दोघीतिघी सोबत जातोय.