बांध कोरणारे आणि परंपरा सांगणारे



नांगरटी उरकत आल्यात, ढेकळं तापलीत आणि दरवर्षीप्रमाणे तहसीलच्या आवारात गर्दी वाढलीय. मे महिना आमच्याकडं मशागतीचा, तसाच बांधाच्या भांडणाचा. म्हणून आज पिकाचं काही लिहीत नाही, बांधाचं लिहितो. थोडं राजकारण येईल. ज्यांना नको त्यांनी पुढं सरकावं.

मी जुन्या मताचा माणूस. वारीला जातो, थोरल्यांपुढं आवाज चढवत नाही, आणि जे नीट चाललंय ते नवीन काढायच्या नादात मोडू नये असं मानतो. मतदानही त्याच हिशेबानं करतो. तेव्हा खालचं कुणाला झोंबलं तर ते आधी माझ्याच विचाराच्या लोकांना झोंबावं, अशी इच्छा आहे.

गावोगाव आता परंपरा आणि संस्कृतीवर बोलणारे फार झालेत. फ्लेक्स लावतात, मिरवणुका काढतात. माझी त्याला ना नाही. पण त्यातले किती जण ट्रॅक्टरवाल्याला हातानं खूण करतात, "अजून जरा आत घे, अजून जरा", ते मी दरवर्षी बघतो. रोटाव्हेटर बांधाच्या पोटात शिरतो. ड्रायव्हरला एकरावर पैसे, त्याला काय. शेजारी त्या दिवशी गावात नसला म्हणजे झालं.

हिशेब करून बघा. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, १०८९ चौरस फूट. ३३० फूट लांबीचा बांध ३ फूट ४ इंच सरकला की गुंठाभर जमीन इकडची तिकडं झाली. वर्षाला चार बोटं कोरली तरी बारा-तेरा वर्षांत काम होतं. त्या गुंठ्यात ज्वारी किती होणार? चांगल्या सालात, भारी जमिनीत, तीस-चाळीस किलो. एवढ्यासाठी सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या मयताला जात नाहीत, हे मी माझ्या शिवारात बघतोय. त्यांचा दावा अकरा वर्षं चालू आहे. दोघांनी वकिलाला दिलेल्या पैशात त्या बांधालगतचं अर्धं एकर आलं असतं. आता पोरंही एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्यांना तर भांडण नेमकं कुठल्या दगडावरनं सुरू झालं तेही ठाऊक नाही.

बांधाचं शेतीतलं मोल इथल्या कृषी अधिकाऱ्यांना मी काय सांगणार. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे आणि त्याचं सार आमच्या आज्याच्या भाषेत एवढंच, पडलेलं पाणी पडलं तिथं मुरव. ७२ च्या दुष्काळात लोकांनी रोजगार हमीवर बांध घातले, दगड डोक्यावर वाहिले. ते बांध आज आपण डिझेल जाळून सपाट करतोय. चार हात रुंद बांध असला की त्यावर मारवेल, पवना टिकतं, बाभूळ-बोर उभी राहते, बाभळीवर कोतवाल बसतो आणि हरभऱ्यातली अळी उचलतो. बांध राखायचा म्हणजे त्यावर गाजरगवत माजू द्यायचं असा मात्र अर्थ नाही. त्यावर पिठ्या ढेकूण वाढतो आणि पुढं कपाशीत उतरतो.

आणि वाट. पूर्वी बांधावरनं डोक्यावर भारा घेऊन बाई सहज जायची. आता पाठीवर पंप घेऊन गडी जाताना शेजारच्या पिकात पाय पडतो आणि तिथून बोलाचाली.

कायदा नाही असं नाही. जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे, बांधावरून रस्ता मागता येतो. अडवलेला रस्ता मोकळा करायला मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, तोही १९०६ चा. मोजणीला रोव्हर आले, उपग्रहावरून हद्द दाखवतात. पण मोजणीवाले दगड रोवून गेले की आठ दिवसांत दगड हललेला असतो. मशीन हद्द दाखवतं, ती राखत बसायला रोज शेतात माणूस लागतो. सरकारनं आणखी एक कायदा करावा अशी मागणी आली की म्हणून मला हुरूप येत नाही.

१५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. गावातलं गावात मिटवायचं, हे माझ्या मनासारखं होतं. काही गावांनी खरंच मिटवलं. बऱ्याच ठिकाणी बक्षिसाचा बोर्ड वेशीवर राहिला आणि समितीत गट शिरले. बांधाच्या एका बाजूच्याला एका पुढाऱ्याचा हात, दुसऱ्याला दुसऱ्याचा. भांडण मिटलं तर दोन घरची मतं सैल होतात, मग मिटवील कोण? या बाबतीत मी कुठल्याच पक्षाला वेगळं काढत नाही.

आता कुणी म्हणेल, जुने पंच बरे होते. सगळ्यांसाठी नव्हते. गावकुसाबाहेरच्या माणसाचा बांध वाड्यातल्या माणसानं कोरला तर पंच तोंड उघडत नव्हते. त्याला कोर्ट आणि कायदा लागलाच, आजही लागतो. जुनं राखायचं म्हणजे हेही राखायचं असं माझं मत नाही.

तसंच बहिणीच्या हिश्श्याचं. महाराष्ट्रानं १९९४ ला आणि केंद्रानं २००५ ला मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क दिला. मी त्या वेळी ऐकलेली चर्चा अशी, की यानं भाऊ-बहिणीचं नातं तुटेल. मला पटत नव्हतं, अजून पटत नाही. भाऊबीजेला ओवाळून घ्यायचं आणि साडीचोळीवर हक्कसोडाची सही घ्यायची, याला आपल्याकडं रीत म्हणतात. तिनं राजीखुशीनं सोडलं तर तिची मर्जी. पण चार नातेवाईक गोळा करून "माहेर तुटेल हं" म्हणत घेतलेली सही आणि रात्रीचा कोरलेला बांध, यात मला फरक दिसत नाही. जे जुन्या मूल्यांचं नाव घेतात त्यांनी तर हे मुळीच करू नये.

कामाची एक गोष्ट. ज्यांची जमीन एकमेकांच्या कब्जात अडकलीय, म्हणजे याच्या नावची तो कसतो आणि त्याच्या नावची हा, त्यांच्यासाठी शासनानं २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. बारा वर्षांचा परस्पर ताबा असेल आणि दोघं राजी असतील तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. सध्याची मुदत आणि कागदपत्रं तलाठ्याकडं विचारून घ्या. सरकारच्या योजनांवर मी सहसा खूश नसतो, पण ही चांगली आहे, कारण आधी दोघांनी एकत्र बसायची अट तिच्यातच आहे.

आमच्या पूर्वेच्या बांधावर पहिल्या पावसानंतर मारवेल लावायचं शेजाऱ्याशी बोलून ठरवलंय. खड्डे निम्मे त्याचे, निम्मे आमचे, गवत एक साल त्याचं, एक साल आमचं. ठोंबं कमी पडतायत. मंगळवेढा, पंढरपूर भागात कुणाकडं असतील तर कळवा, न्यायला येतो.