आधी सुईचे टोक दिसू द्या

भूलतज्ज्ञांच्या सरावासाठी कृत्रिम अवयव घ्या, असे मी मागच्या लेखात म्हटले. त्यावर तुमसरच्या एका वाचकाने या आठवड्यात विचारले, ‘दवाखान्यात औषधे पुरत नाहीत, तिथे बाहुल्या कशाला?’ राग खरा आहे. तो बाहुल्यांवर निघाला, हे मला खटकले.

आंबागडच्या शेतकऱ्याचा हात धान चुरताना यंत्रात सापडला, तर गळपट्टीच्या हाडाजवळच्या नसांभोवती औषध सोडून फक्त हात बधिर करता येतो; यालाच ब्लॉक म्हणतात. पूर्ण भूल टळते. पण त्या नसांना लागूनच मोठी रक्तवाहिनी असते आणि फुप्फुसाचे आवरणही. सुई चुकली तर फुप्फुसाला छिद्र पडते. औषध रक्तात गेले तर झटके येतात, हृदय थांबू शकते. सोनोग्राफीत हे सारे दिसते, सुईचे टोक मात्र हाताला वळण असेल तरच दिसते. 2007 साली अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांनी दिलेल्या ब्लॉकचे चित्रीकरण तपासले गेले. टोक दिसत नसताना सुई पुढे सरकवणे, ही तिथे वारंवार होणारी चूक होती. ही खोड जिलेटीनच्या गोळ्यावरही मोडता येते.

शेजारच्या गोंदियाकडे बघा. बिरसीला विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतली वैमानिकांची प्रशिक्षण संस्था आहे. संकटाचा सराव आधी जमिनीवर, ही वैमानिकांची शिस्त महागात पडून आलेली आहे. एडविन लिंक यांचे सरावयंत्र 1929 चे. अमेरिकी लष्कराने ते घेतले 1934 मध्ये, टपाल वाहताना डझनभर वैमानिक दगावल्यावर. याच सीएईने पुढे सोनोग्राफीखाली सुई टोचण्याच्या सरावाचे कृत्रिम अवयवही विकले. वैमानिकाचा सराव आपण सक्तीचा मानतो, भूलतज्ज्ञाचा मात्र चैनीचा. मला यामागे एकच कारण दिसते. वैमानिक स्वतः त्या विमानात बसलेला असतो; ब्लॉक चुकला तर किंमत एकटा रुग्ण मोजतो.

मी वर्षानुवर्षे म्हणतो आहे की आपल्याकडे खरेदी यंत्राची होते, हाताची होत नाही. नागपूर आणि गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी एक नियम करावा: कृत्रिम अवयवावर सुईचे टोक सतत दाखवता आल्याशिवाय रुग्णाला पहिला ब्लॉक द्यायचा नाही. तालुक्याच्या भूलतज्ज्ञांनाही या सरावाला बोलवावे. औषधे मागाच, पण ती टोचणारा हात तयार आहे का, हेही विचारा.