गाडीचीही शाकारणी

वैशाख सरत आला म्हणजे जव्हार-मोखाड्याकडील माणूस आगोटीच्या तजविजीस लागतो. घरे शाकारली जातात, कुडांना लिंपण होते, सरपण आणि धान्य कोरड्यात पडते. परंतु मोखाडा, खोडाळा आणि त्र्यंबकेश्वर यांच्या वाटांवर ज्या जीपगाड्या पावसाळाभर माणसांची ने-आण करतात, त्यांच्या पत्र्याची अशी तरतूद करण्याचा शिरस्ता मात्र आपल्याकडे अद्यापि पडलेला नाही.

गंज पावसाने चढतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. धावत्या गाडीवरची सर निथळून जाते. परंतु मडगार्डाच्या दुमडीत, बंपरच्या आतल्या अंगास आणि दरवाजाच्या तळाशी जो तांबडा चिखल दडून बसतो, तो धुक्याच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे ओला राहून लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांची गाठ घालून देतो. चकचकीत क्रोमच्या पट्टीचा भरवसा तर त्याहून फसवा. पत्र्यावरील जस्ताचा मुलामा ओरखडला, तरी जस्त स्वतः झिजून लोखंडास राखते. उलट निकेल-क्रोमच्या मुलाम्यास सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, की त्या जोडीत दुबळे ठरणारे लोखंडच आधी झिजते, आणि वरची झळाळी शाबूत असता खालचा पत्रा पोखरला जातो.

असे असता, पासिंगची तारीख जवळ आली म्हणजे गंजावरच लांबी भरून वर रंगाचा हात फिरविण्याची जी रीत सर्रास दिसते, तिला दुरुस्ती म्हणणे मला मान्य नाही. ती केवळ सारवासारव होय. गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत खरवडून काढावा, जागा पूर्ण कोरडी करावी, आणि दमट हवेत उघडा पत्रा रात्रीतून पुन्हा तांबूस होत असल्याने त्याच दिवशी प्रायमर देऊन मगच रंग द्यावा. क्रोमवर पॉलिश पेपर मुळीच घासू नये. खळगे पडले असल्यास पट्टी बदलावी किंवा नव्याने मुलामा द्यावा.

प्रतिबंधास तर याहूनही थोडे लागते. दरवाजाच्या तळाची पाणी निथळण्याची भोके काडीने मोकळी करावीत, आतल्या दुमडींतील चिखल पाण्याने धुवावा, क्रोमला मेणाचा हात द्यावा, आणि ओल्या गाडीवर ताडपत्री घट्ट आवळून वाफ कोंडू नये. गाडीवाल्यांनो, मृग लागण्यापूर्वीचा एक दिवस एवढ्यासाठी राखून ठेवा.