भूत पुस्तकातच बरं!

आमच्या कळमनुरीत एक वाचनालय आहे. नाव सांगत नाही, कारण पुढं थोडी तक्रार आहे. तिथल्या कपाटांसमोर उभं राहून पुस्तकांच्या फक्त पाठी बघत चला. सन्मानाच्या, पुरस्काराच्या कादंबऱ्या अगदी कोऱ्या करकरीत. शिक्का मारल्यानंतर त्या कुणी उघडल्यात की नाही, शंका यावी. मग खालच्या फळीवर या. तिथं नारायण धारप, रत्नाकर मतकरी. पाठी निघालेल्या, चिकटपट्ट्या पिवळ्या पडलेल्या, कोपरे कुत्र्याच्या कानासारखे दुमडलेले, आणि शेवटची चार पानं गायब. भयकथेची शेवटची पानं फाडणाऱ्या माणसासाठी नरकात वेगळी सोय असावी, पण तो मुद्दा नंतर कधीतरी.

मुद्दा हा, की गाव काय वाचतं ते फाटलेल्या पाठी सांगतात. आणि गाव जे वाचतं त्याबद्दल मराठीत गंभीरपणे लिहायचं नाही, असा जणू अलिखित नियम आहे.

गेल्या ऑक्टोबरात मी ठरवलं, महिनाभर फक्त भुताखेतांची आणि अद्भुताची पुस्तकं वाचायची, आणि प्रत्येकावर किमान एक पान लिहायचं. इन्स्टाग्रामवर हा महिना भोपळे, मेणबत्त्या आणि काळ्या मांजरींचा असतो. माझ्याकडं भोपळा होता, पण त्याची आईनं भाजी केली. पुस्तकं मात्र दहा झाली. काही वाचनालयातली, काही मित्राकडून, काही रात्री मोबाईलवर.

हे कळल्यावर मला तीन प्रकारची माणसं भेटली. हा लेख त्या तिघांशी भांडण आहे.

पहिला माणूस म्हणाला, "हे साहित्य नाही, टाइमपास आहे."

बरं. मग साहित्य काय आहे? जी. ए. कुलकर्ण्यांची 'इस्किलार' वाचा. 'रमलखुणा' हे पुस्तक १९७५ चं. त्यात आपल्या नकाशावर नसलेला मुलूख आहे, भविष्य आहे, नियती आहे. त्याला आपण रूपककथा म्हणतो, त्यावर प्रबंध लिहितो, आणि ते योग्यच आहे. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा लिहिल्या. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. छान झालं. म्हणजे अवकाशातून कुणी आलं तर चालतं, अनोळखी देशातून आलं तर चालतं, फक्त वाड्याच्या माडीवरून उतरून आलं की ते साहित्य राहत नाही. ही विभागणी कुठल्या नियमानं झाली, ते मला कुणी समजावून सांगावं.

मतकरींचंच बघा. 'लोककथा ७८' लिहिणारे मतकरी आणि 'खेकडा'मधल्या कथा लिहिणारे मतकरी एकच माणूस. नाटकातली गावाची क्रूरता दिसली की आपण म्हणतो, केवढी सामाजिक जाणीव. गूढकथेत घरातली, चार भिंतींच्या आतली क्रूरता दिसली की म्हणतो, काय मस्त टरकवलं! त्याच डोळ्यांनी त्यांनी दोन्हीकडं बघितलं. आपण मात्र आपला एक डोळा मिटून घेतला.

बंगाल्यांनी हे केलं नाही. रवींद्रनाथांनी 'क्षुधित पाषाण' लिहिली, सत्यजित रायनी त्यांच्याच 'मणिहारा'वर सिनेमा केला, आणि दोघांच्याही मोठेपणाला काही झालं नाही. आणि आपल्याकडं तरी हे परकं कुठं होतं? १८५७ मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली, विधवांची दुःखं सांगणारी. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८६८ मध्ये, रिसबुडांची 'मंजुघोषा' आली, आणि तिच्यात चक्क विमान उडतं. मराठी कादंबरी सुरुवातीपासून दोन पायांवर चालत होती, एक वास्तवाचा, एक अद्भुताचा. पुढं कुणीतरी ठरवलं, की दुसरा पाय लपवायचा.

आणि माझ्या जिल्ह्यात तर हे कुणी बोलूच नये. नामदेवांची नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यातली, औंढा नागनाथही इथलंच. नामदेवांना देवळासमोरून हुसकावलं, ते मागं जाऊन कीर्तनाला उभे राहिले, आणि देऊळ फिरलं, ही कथा आमच्याकडं पोरगं शाळेत जायच्या आधी ऐकतं. देऊळ खरंच फिरलं का, हा प्रश्न मी विचारत नाही. मी विचारतो, ज्यानं ही कथा रचली त्याला काय म्हणायचं होतं? ज्यांनी माणसाला हुसकावलं त्यांच्याकडं देवानं पाठ केली. हा निवाडा आहे. हा निवाडा त्या काळी कुठल्या पंचायतीनं दिला नसता, म्हणून लोकांनी तो दगडी देवळाला द्यायला लावला. अद्भुत म्हणजे पळवाट, असं म्हणणाऱ्यानं औंढ्याला येऊन ही एक गोष्ट नीट ऐकावी.

दुसरा माणूस जास्त अवघड होता. ते आमचे एक जुने सर. त्यांनी विचारलं, "हे कामून वाचायलास रं? आधीच भानामतीचा मुलूख आहे आपला. त्यात तू भुतांचा प्रचार करू नको."

यांना मी टिंगलीवारी नेणार नाही. मराठवाड्यात भानामतीच्या नावानं काय काय झालं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो असा समज पसरवून त्याला छळणं, हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. असा कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. तेव्हा सरांची भीती खोटी नाही. आणि मला माझं एक सांगावंच लागेल.

माझं आजोळ याच तालुक्यातल्या एका खेड्यात. तिथं आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक म्हातारी एकटी राहायची. नवरा आणि दोन लेकरं लागोपाठ गेलेली. गावानं त्याचा अर्थ लावला होता. आम्हाला सांगणं असायचं, तिच्या हातचं काही खायचं नाही. मी दहा वर्षांचा होतो, आणि त्या सुट्टीत मामाच्या ट्रंकेत सापडलेलं चेटकिणीचं एक पुस्तक चोरून वाचत होतो. एके दिवशी तिनं मला बोलावलं आणि मूठभर फुटाणे हातावर ठेवले. मी ते तिच्या दारातच टाकले आणि पळालो. ती काही बोलली नाही. खाली वाकून एक एक फुटाणा वेचत राहिली.

तर सर, तुमचं बरोबर आहे. त्या दिवशी माझ्या हातातल्या पुस्तकानं माझी भीती वाढवली होती. गावानं संशय दिला, पुस्तकानं त्याला चेहरा दिला. हे मी नाकारत नाही.

पण गोष्ट तिथं संपत नाही. ऑक्टोबरच्या यादीत मेरी शेलीचं 'फ्रँकनस्टाइन' होतं. १८१८ चं पुस्तक, आणि ते लिहायला घेतलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती, म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांपेक्षा लहान. सिनेमांमुळं आपल्याला वाटतं, ही राक्षसाची गोष्ट आहे. पुस्तकात तो राक्षस एका झोपडीच्या आडोशाला लपून, आतल्या माणसांचं बोलणं ऐकत ऐकत बोलायला शिकतो, वाचायला शिकतो. त्या कुटुंबासाठी गुपचूप लाकडं तोडून ठेवतो. मग एक दिवस धीर करून समोर जातो. आणि त्याला बघताच ती माणसं किंचाळतात, त्याला मारतात. ज्यानं त्याला घडवलं त्यानं तर त्याला नावही दिलेलं नसतं. त्याच्यातला राक्षस तयार होतो तो त्यानंतर.

ते पान मी रात्री दीड वाजता वाचलं, आणि मला पहिल्यांदा ते फुटाणे आठवले. म्हातारी जाऊन आता चार वर्षं झाली. तिचं नाव काय होतं, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

म्हणून सरांना माझं उत्तर असं. अंधश्रद्धा पुस्तकात राहत नाही. ती शेजारच्या घरात राहते, बाजेवर बसते, आणि 'असं म्हणतात बुवा' या तीन शब्दांनी बोलते. तिला लेखक नसतो, म्हणून तिला कुणी जाब विचारू शकत नाही. पुस्तकातल्या भुताला लेखक असतो. हे भूत कुणी रचलं, कशासाठी रचलं, कुणाला घाबरवायला रचलं, असं त्याला विचारता येतं. ज्याला हे पुस्तकाला विचारायची सवय लागली, तो उद्या गावालाही विचारेल. पण ही सवय आपोआप लागत नाही. दहा वर्षांच्या मला ती नव्हती, कारण कुणी लावली नव्हती. भुताची पुस्तकं लपवून ठेवायची, त्यांच्याबद्दल बोलायचं नाही, म्हणजे पोरगं ती एकटंच, चोरून आणि खरी समजून वाचणार. सर, प्रचार भुतांचा होतो तो या गप्प बसण्यानं.

तिसरा माणूस म्हणजे तुम्ही. आणि मीसुद्धा. रील करणारे.

'टोटली गूजबम्प्स, पाचपैकी साडेचार!' हे परीक्षण नव्हे. ही पावती आहे. १२ ऑक्टोबर २०१८ ला 'तुंबाड' आला तेव्हा थिएटरं रिकामी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच सिनेमा पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त चालला. म्हणजे भूक आहे. सिनेमाच्या मुळाशी धारपांची गोष्ट आहे, हे आपण सगळ्यांनी स्टेटसला टाकलं. पण त्यानंतर किती जणांनी धारपांवर दोन पानं लिहिली? त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे, हे आपण कुजबुजत सांगतो, कुणी म्हणतं चोरी, कुणी म्हणतं श्रद्धांजली. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून, अमेरिकेतलं गाव महाराष्ट्रात आणताना धारपांनी काय बदललं, काय तसंच ठेवलं, चर्चच्या जागी काय आलं, हे कुणी दाखवायचं? ज्या लेखकावर आपण इतकं प्रेम करतो, त्याला वाचण्याची मेहनत आपण घेत नाही. पहिला माणूस त्याला साहित्य म्हणत नाही, आणि आपण त्याला साहित्यासारखं वागवत नाही. फरक काय राहिला?

मी महिनाभरात प्रत्येक पुस्तकाला तेच चार प्रश्न विचारले. भूत कुणाचं आहे? ते का परत आलंय? त्याला कोण घाबरतं? आणि शेवटी सोडवतं कोण?

उत्तरं लिहून काढली तेव्हा आवडत्या पुस्तकांचीही पंचाईत झाली. आपल्या किती तरी भयकथांमध्ये भूत बाईचं असतं, सोडवणारा पुरुष असतो. शहरातलं शिकलेलं कुटुंब खेड्यातल्या वाड्यात येतं, आणि वाईट जे काही असतं ते खेड्याच्या बाजूनं येतं. आमच्या बाजूनं. धारपांचा 'समर्थ' मला लहानपणी फार आवडायचा. आता वाटतं, त्याच्यासारखा सगळं जाणणारा पुरुष आला की बाकीच्यांना विचार करायचं काही कामच उरत नाही. स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'तही (१८९७) परदेशी सरदार लंडनात येतो आणि लूसीच्या छातीत खुंटी ठोकायला तिच्याच प्रेमाचे पुरुष जमतात. भीती पिशाच्चाची होती की हाताबाहेर गेलेल्या बाईची? हा प्रश्न विचारल्यानं मजा कमी होत नाही. मला तर जास्त भीती वाटली.

आणि मग टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' (१९८७) वाचली. गुलामीतून पळालेली आई, पुन्हा पकडलं जाऊ नये म्हणून तिनं स्वतःच्या हातानं मारलेली मुलगी, आणि परत आलेली ती मुलगी. इथं भूत हाकलून प्रश्न सुटत नाही, कारण भूत म्हणजेच तो इतिहास आहे. हुआन रुल्फोच्या 'पेद्रो पारामो'मध्ये (१९५५) पोरगा बापाला शोधत एका ओसाड गावात येतो, आणि हळूहळू कळतं की इथं बोलणारी सगळी माणसं मेलेली आहेत. सगळी जमीन एकाच माणसानं गिळलेली. मेक्सिकोतलं गाव, पण वाचताना मला आमच्याकडची ती गावं दिसत होती, जिथली निम्मी घरं ऊसतोडीला गेल्यावर कुलपं लावून उभी असतात. या गावांची भुतं मराठीत अजून पुरती लिहिली गेलेली नाहीत. आपल्या भुताला अजून वाडाच लागतो. सातबाऱ्यावर नाव नसलेल्याचं भूत कुठं राहणार?

ही कादंबरी कुणीतरी लिहील. इथूनच कुणीतरी लिहील, अशी माझी आशा आहे. पण ती लिहिली जाण्याआधी, भुताची गोष्ट ही साधीसुधी गोष्ट नसते, हे म्हणणारे वाचक लागतात. टाळी वाजवणारे नकोत, जाब विचारणारे हवेत.

तेव्हा या ऑक्टोबरात भोपळा कोरायचा तर कोरा. पण गावातल्या वाचनालयातून एक फाटकं पुस्तक आणा, वाचा, ते चार प्रश्न विचारा आणि एक पान लिहा. आवडलं तर का, नाही आवडलं तर का. माझं चुकलं असेल तर माझ्यावर लिहा.

आणि पुस्तक परत करताना शेवटची पानं त्यातच राहू द्या.