अर्धी मैना गाऊ नका



१ ऑगस्ट. अण्णाभाऊंची जयंती. परळच्या एका चाळीच्या पटांगणात आमचं कलापथक उभं राहिलं. डफ शेकून झाला होता, ढोलकी सुरात लागली होती. तेवढ्यात मंडळाचा कार्यकर्ता कानाशी आला. म्हणाला, "शाहीर, 'माझी मैना' घ्या. पण ते बेळगाव-फिळगाव नको. साहेब येतायत, टायम नाय. पुढची दोन कडवी म्हणा, पब्लिकला तेच आवडतं."

आम्ही म्हटली. दोनच कडवी. टाळ्या पडल्या. साहेबांनी पाचशेची नोट दिली. आणि घरी येईपर्यंत मला माझ्याच तोंडाची शिसारी आली. म्हणून हे लिहितोय.

'माझी मैना' ही बायकोच्या आठवणीनं रडणाऱ्या गड्याची छक्कड आहे असं आता सगळ्यांना वाटतं. टीव्हीवरच्या स्पर्धेत तेवढीच येते, लग्नाच्या हळदीत तेवढीच वाजते. पण अण्णाभाऊंनी ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी लिहिली आणि अमर शेखांनी ती सभा-सभांतून गाजवली. शेवटाला पोचलं की कळतं, गावाकडं राहिलेली मैना म्हणजे तुटलेला मुलूख. १ मे १९६० ला राज्य झालं, पण बेळगाव, निपाणी, कारवार तिकडे राहिले. डांग, उंबरगाव गुजरातेत गेले. पहिल्या भागात माणसाला जवळ बोलवायचं आणि दुसऱ्या भागात जाब विचारायचा, ही शाहिराची रीत. पहिला भाग ठेवून दुसरा कापला की शाहीर उरत नाही, नाच्या उरतो. आणि हे कापणारे कोण? ज्यांना जाब द्यायचा आहे तेच!

तेव्हा प्रश्न असा आहे: अण्णाभाऊंचं कुठलं गाणं आज लोकांपुढं उभं राहून गायचं आणि कुठलं स्पीकरवर किंवा पुस्तकात सोडून द्यायचं? माझं माप एकच. जे गाणं समोरच्याकडं काही मागतं, ते उभं राहून गा. जे नुसता नमस्कार करतं, त्याला स्पीकर पुरे.

या मापानं पहिली येते 'मुंबईची लावणी'. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचा थाट गायला होता. अण्णाभाऊ गिरणीत राबलेले. त्यांनी त्याच शहराचा हिशेब मांडला, वर मलबार हिल आणि खाली परळ. ही लावणी रेकॉर्डवर ऐकली तर जुना फोटो वाटते. कारण मलबार हिल आता परळातच उतरलीय. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडला, त्यातला बराचसा परत आत गेलाच नाही. फिनिक्स मिलचा मॉल झाला. कमला मिलच्या आवारात हॉटेलं झाली, २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री तिथं आग लागली आणि १४ माणसं गेली. चिमणीचा धूर गेला, टॉवरची सावली आली. आता सांगा, ही लावणी नवीन कडवं जोडल्याशिवाय कशी गाणार? आणि रेकॉर्डमध्ये कडवं जोडता येतं काय? उभ्यानं गाणाऱ्यालाच ते जमतं.

मी आणखी एक कडवं जोडतो, आणि त्यावर आपले काही कॉम्रेड मित्र नाराज होतात. गिरणीतला कामगार एक होता असं गाण्यात ठीक आहे. पण साचेखात्यात आपल्या माणसाला उभं करत नव्हते. का? तर सूत तोंडानं ओढून धोट्यात घ्यावं लागायचं, आणि महाराची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता! पगार साचेखात्यात जास्त, आणि तिथंच आपल्याला बंदी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला होता. आणि १० जानेवारी १९७४ ला याच परळात पँथरच्या मोर्चावर वरून पाटा पडला आणि भागवत जाधव गेला. तो पाटा मलबार हिलवरून आला नव्हता. कामगारवस्तीतल्याच इमारतीवरून आला होता. हे परळमध्ये उभं राहून, परळच्या तोंडावर गायचं. समोरचा उठून गेला तर जाऊ दे. उठून जाणं हेसुद्धा उत्तरच आहे.

दुसरं, 'जग बदल'. हे गाणं १४ एप्रिलला प्रत्येक गल्लीत वाजतं. वाजतं म्हणजे काय, डीजेच्या भिंतीतून छातीवर आदळतं. पाय ऐकतात, कान ऐकत नाहीत. मला नाचण्याचा राग नाही. वर्षभर वाकलेली पाठ एक दिवस ताठ होऊन नाचली तर त्यात वाईट काय? पण हे गाणं बाबासाहेबांची नुसती आरती नाही. बाबासाहेबांनी आपल्याला एक काम सांगितलं, त्या कामाची ती आठवण आहे. म्हणून हे बिनवाद्याचं गा. एकट्यानं, सावकाश. ६ डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर, शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर, पुस्तकाच्या स्टॉलशेजारी उभं राहून. दहा माणसं थांबली तरी बस्स.

तिसरं कुणीच गात नाही. 'पंजाब-दिल्लीचा दंगा'. फाळणीच्या रक्तावरचा पोवाडा. लाल बावटा कलापथक १९४४ साली उभं राहिलं, त्यात अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर एका फळीवर होते. मातंगाचा पोर लिहीत होता, मुसलमान शाहीर गात होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला आपली मुंबई जळली, तेव्हा माझ्या पिढीचा जन्मही नव्हता. श्रीकृष्ण आयोगानं ९०० मृत्यू नोंदले. त्या दंग्यात आपल्या वस्तीतली काही पोरं कुणाच्या मागं धावत होती, हे म्हातारी माणसं दबक्या आवाजात सांगतात. तो दबका आवाज मोकळा करायला हा पोवाडा पाहिजे.

आणि सोडायचं कुठलं? 'स्टालिनग्राडचा पवाडा' सोडा. शिव्या घाला मला! फॅसिझमविरुद्ध लढलेल्या माणसांचं मोल मी जाणतो. मांगवाड्यातून आलेल्या पोरानं व्होल्गाकाठची लढाई डफावर आणली, याचा अभिमानही आहे. पण स्टालिनच्या छळछावण्या माहीत झाल्यावर त्याच्या नावाच्या गावाचा जयजयकार माझ्या गळ्यातून निघत नाही. ते पुस्तकात वाचा. शाहिराला मान द्यायचा तर त्याचं सगळं गायलंच पाहिजे असं नाही. जे गायचं ते मात्र पुरं गायचं.

कुणी म्हणेल, जागा कुठंय? दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये बंद झालं, चाळी पाडायला लागल्यात. अरे, कलापथक काय नाट्यगृहात वाढलं होतं? ते गिरणीच्या दारात, मैदानात, चाळीच्या चौकात वाढलं. आम्ही गोदीत पाळी सुटल्यावर गेटाबाहेर चहाच्या टपरीपाशी 'मुंबईची लावणी' म्हणतो. वाद्य एकच, पत्र्याचा डबा. साहेब नाही, नोट नाही, आणि मध्येच कापणारा कुणी नाही.

येत्या १ ऑगस्टला त्याच पटांगणात आम्ही परत जाणार आहोत. बोलावलं तर स्टेजवर, नाही बोलावलं तर जिन्याखाली. मैना पुरी होईल. बेळगाव येईल, कारवार येईल, डांग येईल. ज्याला टायम नाय त्यानं खुशाल जावं.

जय भीम.