आधी चिकटून घे!

आमचे ओरोस म्हणजे कचेऱ्यांचे गाव. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा निघाला आणि पुढे इथल्या माळावर सिंधुदुर्गनगरी वसली. कलेक्टर कचेरी आली, जिल्हा परिषद आली, कोर्ट आले. अशा गावात वडीलधाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो, ‘आधी चिकटून घे, मग बघू!’ हंगामी कारकून पुढे कायम होतो, बदली मिळते, नशीब असेल तर खातेही बदलते. कचेरीपुरता हा सल्ला अगदी खरा. आमच्या घरात मात्र यंदा तो विमानाला लावण्याचा घाट घातला गेला.

माझी भाची लष्करात कॅप्टन आहे. चवथीला रजेवर आली, तेव्हा म्हणाली, ‘‘मामा, ग्राउंड लायझन ऑफिसरची जागा मिळण्यासारखी आहे. हवाई दलाच्या तळावर राहायचं, रोज वैमानिकांत ऊठबस. तिथून पुढे हेलिकॉप्टरकडे वळता येईलच की!’’

आता हा लायझन ऑफिसर कोण? माणूस लष्कराचा, पण बसतो हवाई दलाच्या तळावर. आपली फौज कुठवर पोचली, शत्रूचे रणगाडे कुठे आहेत, बाँब कुठे पडता कामा नये, हे उड्डाणाआधी वैमानिकांना नकाशावर समजावून द्यायचे, आणि ते परतले की काय काय दिसले ते विचारून लष्कराला कळवायचे. दुभाषाच म्हणा ना! काम जोखमीचे, सांगण्यात गफलत झाली तर आपलाच बाँब आपल्याच खंदकात. या कामाला कोणी हलके म्हणू नये. पण ते संपते धावपट्टीच्या काठावर.

उडण्याची वाट निराळी आहे. लष्कराचे स्वतःचे वैमानिक पूर्वीपासून आहेत. तोफखान्याचे अधिकारी ‘एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट’च्या चिमुकल्या विमानांतून गोळे कुठे पडतात ते पाहत. १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या वाळवंटात मेजर आत्मा सिंग यांनी ‘कृषक’ विमानातून आपल्या हंटर विमानांना पाकिस्तानी रणगाडे दाखवून दिले, ते याच परंपरेतले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन हे स्वतंत्र दल झाले. त्याचे शिक्षण आपल्या नाशिकला, गांधीनगरच्या तळावर. तिथे जायचे तर स्वतः अर्ज करायचा, वैमानिकाची कल-चाचणी द्यायची, वैद्यकीय तपासणीतून पार पडायचे. ही चाचणी जन्मात एकदाच देता येते. विमानाशेजारी किती वर्षे काढलीत, हे तिथे कोणी विचारीत नाही. वयाची आणि नोकरीच्या वर्षांची मर्यादा मात्र असते, आणि लायझनमध्ये काढलेले प्रत्येक वर्ष त्या मर्यादेतून वजा होते.

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, हे मला मान्य आहे. पण पंख? आर्मी एव्हिएशनमध्ये कितीतरी वर्षे स्त्री-अधिकाऱ्यांना जमिनीवरचीच कामे होती. हेलिकॉप्टरांची वाहतूक सांभाळायची, ती उडताना पाहायची. शेजारामुळे कोणाला कॉकपिट मिळाले नाही. २०२१ साली आपल्या पुण्याचे जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुख असताना नियम बदलला, तेव्हा दार उघडले. २५ मे २०२२ रोजी नाशिकला कॅप्टन अभिलाषा बराक यांच्या छातीवर पंख लागले, आणि त्या आल्या होत्या एअर डिफेन्समधून!

हे सगळे मी भाचीला सांगितले. तिला ते ठाऊक नव्हते असे नाही. गोम निराळीच होती. माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘लायझनच घे गो. तेवढो जीव तरी जमिनीवर ऱ्हवात.’’ सियाचिनकडे जाणारी चीता हेलिकॉप्टरे किती जुन्या घडणीची आहेत, हे तिने वर्तमानपत्रात वाचले आहे. तिच्या भीतीला हसण्यासारखे काही नाही. पण आईही निश्चिंत आणि स्वप्नही शाबूत, अशा मधल्या नोकऱ्या घराला फार आवडतात, आणि मुलीची उमेदीची वर्षे त्यातच सरून जातात.

मी भाचीला म्हटले, ‘‘उडायचं असेल तर अर्ज उडण्याचाच कर. चाचणीत नाही जमलं, तर लायझनचं काम तेव्हा मागून घे, पण ते त्या कामासाठी म्हणून घे.’’

बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नेवऱ्या तळता तळता मान वर न करता म्हणाली, ‘‘डोळे कडक तपासतत ना रे ते? तिचे डोळे लहानपणापासून बरे आसत.’’