कानफाट्या नाव पडले की...

एकदा कानफाट्या नाव पडले की पडले! मग तो बिचारा कितीही सरळ वागो, शेजारीपाजारी दाराला कडी घालणारच. माणसाची ही गत, तर मुक्या जनावराची काय कथा? ‘अमुक जातीचा कुत्रा आहे’ एवढे ऐकले, तरी पाहुणे चपला न काढताच परत फिरतात.

खरे म्हणजे मराठवाड्याने कुत्र्याला देवाच्याही संगतीला बसवले आहे. माहूरच्या दत्तप्रभूंच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा! नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा घोडे-गाढवांच्या बाजाराबरोबर श्वानांचे प्रदर्शनही भरते. तिकडे लातूर जिल्ह्यातले जानवळ पश्मी कुत्र्यांसाठी नावाजलेले. कानांवर, शेपटीवर रेशमासारखे केस असलेला तो पश्मी, आणि आखूड केसांचा तो कारवान. दोघेही उंच, सडपातळ आणि वाऱ्यासारखे पळणारे.

हा कारवान क्रूर आहे का हो? मुळीच नाही. पण परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, आणि समोर काही पळताना दिसले की पाय आवरत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या सशामागे धावण्यासाठीच त्याला जोपासले. त्याला गल्लीतल्या खांबाला दिवसभर बांधून ठेवायचे, पोरांनी शेपूट ओढायची, आणि चावला की म्हणायचे, “जातच वाईट!”

अशी बदनामी किती टिकते ते पाहा. ज्याला आपण अल्सेशियन म्हणत आलो, तो मूळचा जर्मन मेंढपाळांचा कुत्रा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन नावच नको म्हणून इंग्रजांनी त्याचे बारसे पुन्हा केले. १९२९ साली ऑस्ट्रेलियाने त्याच्या आयातीवर बंदी घातली. ती उठायला सत्तरीचे दशक उजाडावे लागले. आज तोच कुत्रा जगभर पोलिसांच्या पथकात मानाने मिरवतो!

आपल्याकडेही १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र धाडले. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नाही म्हणून कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते एप्रिलमध्येच रद्द केले. मात्र त्या पत्रामागची भीती खोटी नव्हती. २०२२ साली लखनौत पाळीव पिटबुलने घरातल्याच वृद्धेचा जीव घेतला होता. झुंजींसाठी घडवलेल्या कुत्र्याचा जबडा आणि सोसायटीतल्या पामेरियनचा जबडा सारखा कसा असेल? म्हणून दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, प्रतिष्ठेसाठी असला कुत्रा आणू नये, हे आम्ही ठासून सांगतो.

परंतु जबडा वेगळा आणि स्वभाव वेगळा. अमेरिकेत १८,००० हून अधिक कुत्र्यांचा अभ्यास झाला. २०२२ मध्ये ‘सायन्स’ मासिकात तो प्रसिद्ध झाला. कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होतो, असे त्यात दिसले. बाकीचा स्वभाव त्या त्या कुत्र्याचा, आणि त्याला वाढवणाऱ्या हातांचा.

आणि पिसाळण्याचा रोग तर जात विचारतच नाही. गल्लीतल्या बेनाव कुत्र्याचा ओरखडाही पुरेसा असतो. रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. तेव्हा जखमेवर हळद, चुना, तिखट लावत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि तडक दवाखाना गाठा. लस ठरलेल्या तारखांना पुरी घ्या. एकाच सुईवर थांबू नका.

सध्या दिवाळी आहे. फटाक्याच्या आवाजाने गरीब कुत्राही बिथरतो. घरचा असेल तर त्याला आतल्या खोलीत ठेवा. जेवणाऱ्या, बांधलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये, हे लाडू देता देता मुलांना सांगा. आणि शेपटीला फटाक्यांची माळ बांधणारा चिरंजीव आपल्याच घरचा असेल, तर धोका कोणत्या जातीपासून आहे, याचा विचार आधी घरातच करा!